मंडीदीपच्या पुढचं तळं आणि खोटा नागरमोथा

...मी तांदूळ धूत होते, कुकर लावायचा होता, आणि हे गॅलरीत वर्तमानपत्रावर नागरमोथ्याच्या गाठी वाळत घालत होते. दिवाळीच्या उटण्यासाठी दरवर्षी आम्ही दोघं मंडीदीपच्या पुढच्या तळ्यावरून त्या खणून आणायचो. एक गाठ मोडून यांनी माझ्या नाकाशी धरली. "बघ, बाजारातल्याला असा वास येतो का?"

हे गेल्यावर पहिल्या दिवाळीला उटणं केलं नाही. यंदा करायचं ठरवलं आणि शेजारच्या कुंदावहिनींना घेऊन निघाले.

आमच्या तुलसी नगरातून मंडीदीपपर्यंत बस, पुढे शेअर ऑटो. मंडीदीपलाच पोहे-जिलेबी खाऊन घ्या, पुढे चहासुद्धा मिळत नाही. चपला जुन्या घाला. शेवटची वाट चिखलाची आहे.

तळं ओळखूच येईना. आमच्या मोथ्याच्या काठावर छातीइतक्या उंच हिरव्या छत्र्या उभ्या. मध्ये बोर्ड: 'औषधीय वनस्पति - नागरमोथा'. माझं डोकंच फिरलं.

हे छत्रीगवत. बंगल्यांच्या कारंज्यांपाशी असतं ते. मूळ आफ्रिकेकडचं, शोभेसाठी इथे आणलेलं. मोथ्याच्याच कुळातलं, म्हणून दांडा तसाच तिधारी. पण मोथ्याची पानं बुडाशी असतात. याच्या बुडाशी नुसती तपकिरी आवरणं, आणि पानांसारखं दिसणारं सगळं टोकाला, छत्रीच्या काड्यांसारखं पसरलेलं. खाली खणून पाहिलं. जाड आडवं खोड होतं, सुगंधी गाठ एकही नाही. वास फक्त चिखलाचा.

तळ्याच्या सुशोभीकरणाचं काम चालू होतं, त्यावरचा मुकादम आला. "अम्माजी, डंठल तिकोना है ना? तो नागरमोथा हुआ."

"तिकोना तो समोसा भी होता है!"

कुंदावहिनी खो खो हसल्या. मला हसू येईना, कारण त्याची माणसं छत्र्यांची डोकी विळ्यानं छाटून तळ्यात फेकत होती.

"फैल बहुत रहा है, इसलिए कटवा रहे हैं," तो म्हणाला.

"कटवा नहीं, बो रहे हो, भैया!" पाण्यात पडलेली एक जुनी छत्री मी उचलून त्याच्यापुढे धरली. काड्यांच्या बेचक्यातून पांढरी मुळं सुटली होती, मधोमध कोवळे कोंब. या गवताला बी पेरावं लागत नाही, डोकं पाण्याला टेकलं की तिथंच नवं रोप.

त्यानं पाहिलं. "ऊपर से ऑर्डर है, अम्माजी."

"चाल वं, काहून घसा कोरडा करून राहिली," कुंदावहिनी म्हणाल्या. "उटणं बाजारातून आणू."

दगडांजवळ खऱ्या मोथ्याचा चटईएवढा तुकडा उरला होता. एक गाठ मोडून हुंगली. तोच वास. बाकीच्यांना हात लावला नाही.

घरी येऊन पाय धुतले, राग काही उतरला नाही. आमचा मोथा मारायचा आणि वर त्याच्याच नावाचा बोर्ड लावायचा! उटणं बाजारच्या मोथ्यानं होईल. पण तो वास यांच्या हाताला यायचा, आणि तो आता चटईएवढ्याच जागेत उरलाय.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं परत गेले. विळा घरीच ठेवला. गोणी नेली, पाण्यातल्या छत्र्या वेचल्या आणि पुन्हा रुजू नयेत म्हणून कोरड्या दगडांवर उन्हात वाळत घातल्या.