प्रशिक्षकांनी मागितलेली माफी

तिची जर्सी कपाटातून काढली की अजून मलमाचा उग्र वास येतो. माझी धाकटी बहीण व्यावसायिक बास्केटबॉल खेळायची. ‘पोरीचा दम टिकत न्हाई, हृदय तपासून घ्या,’ असं म्हणून प्रशिक्षकांनी तिला संघातून काढलं. पुढे दुसऱ्या संघाने तिला घेतलं आणि आमच्या केडगावातच त्या जुन्या संघाशी सामना ठरला. दुपारच्या उन्हाने मैदानाचं सिमेंट भाजत होतं. जुन्या मैत्रिणी पास देण्याआधी हाताने खुणा करायच्या. त्या खुणा तिनेच त्यांना शिकवलेल्या, त्यामुळे प्रत्येक वेळी चेंडू हिच्याच हातात यायचा. ‘अगं बायांनो, खुणा तरी बदलायच्या!’ ती धापा टाकत हसली. निम्म्याहून अधिक गुण तिचे एकटीचे होते. शेवटी ती प्रशिक्षकांच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिला वरच्यावर धरलं. ‘माझंच चुकलं, पोरी. तुला काय बी झालेलं न्हाई.’ घरी येताना ती म्हणाली, ‘दादा, आता ती तपासणी राहू दे.’ आम्ही राहू दिली. पुढच्या उन्हाळ्यात सरावातच तिचं हृदय थांबलं. तिचा आजार ओळखला होता तो एकाच माणसाने, आणि तो माफी मागत असताना आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो.