साबणाच्या बोर्डावरची बाई

अंबादेवीच्या पायरीवर हात ठेवून सांगतो, खाली लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे. सगळं मी या दोन डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे, एका किश्श्याच्या वेळी मी चहा प्यायला गेलो होतो, आणि अकोल्याला मी शिडीच्या मागे होतो म्हणून नीट दिसलं नाही. पण तेवढं सोडलं तर खरं!

पेंटरच्या दुकानात किस्से साठतात ते डब्याच्या कडेला रंग साठतो तसे. मुद्दाम कुणी साठवत नाही. रोज ब्रश कडेला पुसायचा, आणि पाच वर्षांनी पाहावं तर डब्याचं तोंड निम्मं झालेलं!

दुकान अमरावतीला, राजापेठेत. मालक दाजीबा पेंटर. घरचा फुलांचा मळा होता. भाऊ झेंडू-शेवंती पिकवायचे आणि हा पत्र्यावर बाया पिकवायचा. तंबूतल्या सिनेमाचे बोर्ड, साबणाचे, केसांच्या तेलाचे, शक्तीच्या औषधाचे. राज्य इंग्रजांचं, वऱ्हाडचा कारभार नागपुराहून, आणि वऱ्हाडातल्या जवान पोट्ट्यांचा कारभार दाजीबाच्या ब्रशातून! चित्रं तो काढायचा, अक्षरं मी.

दाजीबाची मुलगी कुसुम. एकोणीस वर्षांची, मराठी सातवी पास. दुकानात बापाला रंग घोटून द्यायची. सावळी, नाक बसकं, पुढच्या दोन दातांत फट. तिचं लग्न जुळत नव्हतं. का, ते पुढे येईलच. कारण दुकानाच्या भिंतीलाच टेकून उभं होतं.

* * *

दाजीबाच्या कामाची एक रीत होती. जाड कागदावर चेहरा काढायचा, रेघेरेघेवर सुईने भोकं पाडायची, तो कागद पत्र्यावर धरायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून थोपटायची. कागद उचलला की खाली ठिपक्याठिपक्यांची बाई तयार! याला खाका म्हणतात. बाकीचे पेंटर दहा-वीस खाके ठेवतात. दाजीबाकडे बाईचा खाका एकच होता.

तो त्याने उतरवला होता विलायती बिस्किटाच्या डब्यावरच्या मडमेवरून! मडमेला कुंकू लावून हातात कमळ दिलं की लक्ष्मी. कमळ काढून केस ओले केले आणि खांदा उघडा टाकला की साबण. काजळ घालून मान वाकडी केली की सिनेमाची नटी.

एकदा कॉलेजचे एक प्रोफेसर तावातावाने दुकानात आले.

"दाजीबा, चौकातली ती साबणाची बाई आधी उतरवा! पोरं वर्गात बसतात आणि मनानं चौकात असतात. शील म्हणून काही आहे की नाही त्या चेहऱ्यावर?"

बोलता बोलता त्यांची नजर भिंतीशी वाळत ठेवलेल्या लक्ष्मीवर गेली. एका कापडवाल्याच्या पेढीसाठी केलेली. प्रोफेसरांनी चपला काढल्या, डोळे मिटले, हात जोडले. म्हणाले, "वा! काय सोज्वळ मुद्रा! असं काढत जा ना काहीतरी."

दाजीबा म्हणाला, "हेच तं काढून राहिलो, सर. चौकात तुमी डोये मिटत नाई, त्याले मी काय करू?"

* * *

तो चौक म्हणजे वळणाचा. वळणावरच साबणाची बाई. कॉलेजचा पोरगा सायकलवर आला की हँडल एकीकडे आणि मान दुसरीकडे. हप्त्याला तीन तरी गटारात! एकदा तर एकाच वेळी चौघं पडले आणि पाचवा, जो पडला नाही, त्याने लाजेकाजेस्तव सायकल आडवी केली.

बघता बघता गफूरभाईने बोर्डाच्या बरोबर खाली सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं.

पुढे प्रोफेसरांनी वरपर्यंत अर्ज केला आणि बोर्ड हलवायचं ठरलं. दाजीबा शिडी घेऊन गेला, तर गफूरभाई शिडीला मिठी मारून उभा!

"दाजीबाभाऊ, बाईले हात नको लावू! तिच्या भरोशावर दोन पोरींची शादी केली मी!"

दाजीबाने शिडी खांद्यावर टाकली आणि परत आला. त्या बाईच्या भरोशावर गफूरच्या दोन पोरी उजवल्या होत्या. ज्याने ती काढली, त्याची एक घरात होती.

* * *

साबणाच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, औषधाचा बोर्ड. त्यावर दोन माणसं. डावीकडे 'आधी' : गाल बसलेला, छाती आत गेलेला. उजवीकडे 'नंतर' : दंड असे की सदरा फाटावा. वर तांबड्या अक्षरांत, 'तरुणांनो, वेळीच सावध व्हा!' अक्षरं माझी.

म्हणजे अलीकडे ओली बाई, पलीकडे सुकलेला माणूस. पोट्टे इकडे पाहून पेटायचे आणि तिकडे पाहून घाबरायचे. मधे रस्ता फक्त पंधरा हात!

शामराव नावाचा एक पहिलवान होता, बाविशीतला. त्याने दोन्ही बोर्ड पाहिले आणि त्याच्या मनाने घेतलं की आपण आतून पोकळ झालो. आखाडा सोडला. औषधाच्या बाटल्या सुरू केल्या. बाटलीने भूक मेली, काळजीने झोप गेली. चार महिन्यांत गाल आत.

एक दिवस दुकानात आला. (या वेळी मी चहाला गेलो होतो.)

"दाजीबाकाका, खरं सांगा. तो उजवीकडचा माणूस कोन्या गावचा हाये? किती बाटल्या पेला तो?"

"अबे, तो तूच हाये! नागपंचमीले आखाड्यात बसून तुह्यावरूनच तं उतरवला मी!"

शामराव दारात गेला. लांबूनच बोर्डाकडे बराच वेळ पाहिलं.

"म्हंजे," तो म्हणाला, "औषध पेऊन मी उजवीकडून डावीकडं आलो?"

* * *

अकोल्याला मोर्णेच्या काठी, जुन्या शहरात, एका सिनेमाचा तंबू पडला होता. बोर्ड दाजीबाचा. नटीचा एक खांदा उघडा. तसं त्या बोर्डाकडे फारसं कुणी पाहत नव्हतं, कारण शेजारीच गरम भजी निघायची.

पण जुन्या शहरातल्या चार पोक्त मंडळींनी पाहिलं! त्यांनी मॅनेजरला गाठलं. मॅनेजरने तार केली. दाजीबा आणि मी शिडी घेऊन अकोल्याला. मंडळींच्या देखत दाजीबाने नटीच्या खांद्यावर हिरवागार पदर ओढला. मंडळींनी मान डोलावली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी बोर्डासमोर ही गर्दी! काल इथे काय होतं म्हणे? कुणी म्हणे खांदा, कुणी म्हणे पाठ, कुणी तर आणखी काही सांगू लागला, जे मुळात दाजीबाने काढलंच नव्हतं. दोघे जण नखाने रंग खरवडताना सापडले. संध्याकाळच्या खेळाला तंबूचे दोर ताणले गेले.

मॅनेजर धावत आला. दाजीबाचे दोन्ही हात धरले.

"दाजीबा, पुढच्या खेळाले पूर्ण बाईच झाकून टाक!"

* * *

आता कुसुमचं.

पहिलं स्थळ अकोल्याचं. मुलाने पोहे खाल्ले, प्रश्न विचारले, सगळं ठीक. जाताना दुकानातून बाहेर पडायची वाट होती. तिथे वाळत ठेवलेली साबणाची बाई पाहून तो आपल्या भावाला म्हणाला, "अशी असती तं आत्ताच सुपारी फोडली असती." हळूच म्हणाला, पण कुसुम पानाचं तबक घेऊन मागेच उभी होती.

दुसरं स्थळ दर्यापूरकडचं. काळी जमीन, बैलजोड्या, मुलगा एकुलता एक. त्याने खिशातून घडी केलेला जाहिरातीचा कागद काढला. दाजीबाच्याच बोर्डावरून छापलेला. घड्यांवर कागद विरला होता, इतका उघडून पाहिलेला.

"मले अशी पाहिजे," तो म्हणाला.

दाजीबा म्हणाला, "बाप्पा, अशी बाई दुनियेत नाई."

"मंग तुमी काढली कशी?"

बिस्किटाचा डबा दाखवावा, तर धंदा जातो. न दाखवावा, तर पोरगी राहते.

पुढचे आठ दिवस कुसुमने तोच साबण दिवसातून तीनदा तोंडाला घासला. आठव्या दिवशी गालांची सालपटं निघाली. आई ओरडली, "काहून असं करून राहिली व, पोरी? तोंड हाये का परात?"

कुसुम म्हणाली, "बाबाच्याच बोर्डावर लिहिलं हाये ना, आठ दिवसांत उजळते म्हणून."

दाजीबाने माझ्याकडे पाहिलं. अक्षरं माझी होती. मी ब्रश धुवायला गेलो.

* * *

त्यानंतर धामणगाव रेल्वेच्या बोर्डाचं काम आलं. स्टेशनावर लावायचा साबणाचा मोठा पत्रा, सहा फुटी. दाजीबा मळ्यात गेला होता. कुसुमने आरसा घेतला, जाड कागद घेतला आणि बसली. काढलं, सुईने भोकं पाडली, पत्र्यावर कोळशाची पुरचुंडी थोपटली. बापाकडे पाहून पाहून हात बसला होता. केस ओले, पदर जिथल्या तिथे, बाही कोपरापर्यंत. नाक बसकं. दातांत फट.

दाजीबा आला आणि पत्र्यासमोर उभा राहिला. आईने तर डोक्यालाच हात लावला.

"स्टेशनावर टांगता का पोरीले? आता कोण करीन हिले?"

दाजीबाने बारीक ब्रश घेतला, ओठाची एक रेघ दुरुस्त केली आणि कोपऱ्यात सही केली. आजवर एकाही बोर्डावर त्याने सही केली नव्हती.

साबणाचा एजंट कुरकुरला. "ही कोण? ही तं आपल्या इकडची दिसते!"

"साबण कुठं इकाचा हाये?" दाजीबा म्हणाला. "इकडंच ना?"

बोर्ड गेला. धामणगावच्या फलाटावर कापसाच्या गाठी डब्यात चढवून देणारा एक पोरगा होता. चोविशीचा. खिशात त्याच्याही एक घडी केलेला कागद होता, खोटं कशाला सांगू. नवा बोर्ड पाहून पहिल्या दिवशी त्याला वाटलं, पेंटरने बाई बिघडवली. आठव्या दिवशी दातांतली फट दिसली. पंधराव्या दिवशी वाटलं, ही आत्ता काहीतरी बोलणार होती आणि आपल्याला पाहून थांबली. महिन्याभराने तो फलाटावर तिच्याकडे पाठ करून उभा राहीनासा झाला. बरं दिसत नाही म्हणून! खिशातला कागद कधीतरी विडी पेटवायला गेला.

चार महिन्यांनी त्याचे मामा म्हणाले, "अमरावतीले एक पोरगी हाये, पेंटरची. पाहून येऊ." पोरगा नको म्हणत होता. मामांनी ओढून आणला.

राजापेठेत सतरंजीवर बसले. दाजीबा समोर. आई दाराआड, मुठी आवळून. हे स्थळ गेलं तर पुढे दुसरं नव्हतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पोहे आले. पोह्यांमागून कुसुम आली.

पोराने तोंडाशी नेलेला घास तिथेच थांबला. कोथिंबीर सदऱ्यावर पडली.

मामा विचारत होते. नाव काय, शिकली किती, भाकर येते का. कुसुम खाली पाहून उत्तरं देत होती. पोरगा मामांच्या कानाला लागला. मामांनी भुवया वर केल्या. पोरगा पुन्हा लागला.

शेवटी मामा खाकरले. "पोरगा इचारून राहिला... मले काई समजून नाई राहिलं, पण इचारतो. म्हणते, साबण कोणता लावता?"

दाराआड बांगड्या वाजल्या.

कुसुमने मान वर केली. पहिल्यांदाच. सरळ पोराकडे पाहिलं.

"साबण सोडला," ती म्हणाली. "आमी मळ्यातल्या काया मातीनं डोकं धुतो."

आणि हसली. फट दिसली.

* * *

आता यातला रचलेला भाग कबूल करतो. एकच आहे.

मी दाजीबाच्या दुकानात कधीही कामाला नव्हतो. अक्षर तर माझं असं, की धामणगावचा गुड्स क्लार्क आजही माझे फॉर्म दुसऱ्याकडून भरून मागतो. हे सगळे किस्से मला सासऱ्यांनी सांगितले.

शेवटचा सोडून.