बाबांना ऊन सोसत नाही

माझ्या सासऱ्यांशी मी चार वर्षं खोटं बोलले.

आज बाबांना जाऊन वर्ष झालं. आता तरी सांगून टाकते.

मी प्लॅनिंगवाली बाई. पनवेलच्या उन्हात दोन पोरांना घेऊन फिरायचं म्हणजे खायचं काम नाही. टोप्या, सनस्क्रीन, ओआरएस, दुपारी बसायला सावली, जवळचं टॉयलेट. सगळी लिस्ट शनिवारीच फ्रिजवर लागायची.

त्या लिस्टमध्ये बाबा कधीच नव्हते.

रविवारी आम्ही निघायचो तेव्हा ते पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट घालून सोफ्याच्या कडेला बसलेले असायचे. विचारायचे नाहीत. नुसते बसायचे.

"बाबा, ऊन फार आहे हो. तुम्हाला सोसायचं नाही. थंडीत जाऊ सगळे."

पहिल्यांदा ते हसले होते.
"गो पोरी, अर्दा जल्म मिठागरात गेला आमचा. आमाला ऊन काय करनार हाय?"

गव्हाणकडच्या मिठागरात तीस वर्षं मीठ ओढलं त्यांनी. भर वैशाखात, अनवाणी. हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं.

ऊन हा बहाणा होता.

शुगरमुळे त्यांच्यासाठी दर अर्ध्या तासाला गाडी थांबवावी लागली असती. चालायचेही हळू. ते आले असते तर माझं टाइमटेबल कोलमडलं असतं.
एवढंच कारण. लिहिताना लाज वाटतेय.

त्यांना ते कळलं असणार. कारण नंतर कधी वाद घातला नाही. "बरं हाय" म्हणून उठायचे आणि आमच्या पाण्याच्या बाटल्यांना ओला पंचा गुंडाळून द्यायचे.
"पानी गार रवतं."

कर्नाळ्याला गेलो त्या दिवशी तो पंचा मी लिफ्टमध्येच बाटल्यांवरून काढून पिशवीत कोंबला. गाडीची सीट ओली झाली असती ना.

दुपारपर्यंत पाणी इतकं तापलं की पोरांनी तोंडात घेऊन थुंकून टाकलं.

घरी आल्यावर बाबांनी दारातच विचारलं, "पानी गार होतं ना?"
"हो बाबा, मस्त."
तेही खोटंच.

थंडी चार वेळा आली. कधी पोरांच्या परीक्षा, कधी कुणाचं लग्न. दर वेळी काहीतरी निघालंच. खरं तर मीच काढलं.

आणि गेल्या वर्षी याच दिवशी सकाळी बाबा गेले.

गावाकडची माणसं येईपर्यंत बारा वाजले. बिल्डिंगखाली डोळे उघडवत नव्हते इतकं ऊन.

त्यांना उचलताना सईनं, माझ्या पाच वर्षांच्या पोरीनं, माझी ओढणी खेचली.

"आई, आजोबांना ऊन सोसत नाही ना? मग आत्ता कशाला नेताय?"

 

बाबा, माझं चुकलं हो.
तुमच्या सुनेचा नमस्कार.