डाव्या हाताचा सौदा

आमचे हे सेलूत चित्रकलेचे मास्तर. शाळा सुटली की लिनोच्या मऊ, रबरासारख्या तुकड्यावर चित्र कोरत बसतात, त्याला शाई लावतात, वर कागद ठेवतात आणि माझ्याच स्टीलच्या वाटीच्या बुडानं घासून छाप काढतात. माझ्या वाट्यांची काय कळा झालीय ते विचारू नका! पण छाप हातात आला की राग कुठल्या कुठं पळतो. अंग माणसाचं, मुंडकं जनावराचं. हार घालून माईकसमोर फुगलेला रेडा, मोबाइलात माना खुपसून बसलेली मेंढरं, पंगतीत वाढप्यावर खेकसणारा बोकड. इतकं नेमकं बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. नवरा आहे म्हणून सांगत नाही, खरंच.

मागच्या वर्षी यांनी बैलबाजार कोरला. आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. चित्रात दलाल कोल्हा, शेतकरी मेंढरू, दोघांचे हात रुमालात. कोल्ह्याच्या कॉलरला मागं छत्री अडकवलेली. ती छत्री बघितली आणि मी छाप यांच्यापुढं धरला. पाथरीच्या बाजारात बैलांची दलाली करणारे माझे वडील, आप्पा, छत्री तशीच अडकवतात.

"अहो, हे आप्पा हायत!"

"कोल्हा हाय," हे म्हणाले.

कुणीतरी फोटो काढून गावभर मोबाइलवर फिरवला. तिसऱ्या दिवशी आप्पा दारात. पाण्याला हात लावला नाही.

"जावईबापू, कोल्हा केलात, करा. दलालाला लोक तोंडावर म्हणतेत. पण डाव्या हातानं सौदा? उभ्या जल्मात मी रुमालात डावा हात घातला न्हाई. डावा हात देणारा बेइमान असतो."

आणि चहा न घेता गेले. यांनी कपाळावर हात मारला. लिनोवर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. अक्षरं हे आठवणीनं उलटी कोरतात, पण हात सुलटा कोरून बसले होते. दहा जणांनी कौतुक केलं, एकालाही दिसलं नाही. आप्पांना दिसलं.

त्यानंतर आप्पांनी माझा फोन उचलणं सोडलं. मी लय रडले. माहेर म्हणजे तेवढं एकच घर हो माझं. यांनी नवा तुकडा घेतला, महिनाभर सगळं चित्र पुन्हा कोरलं. मी भांडले, "कोल्हा काढा, घोडा घाला, काहीही घाला!"

"हात चुकला होता. तोंड चुकलं नव्हतं." यांचं एकच. त्या दिवशी यांचा संताप आला होता, आज अभिमान वाटतो.

नवा छाप घेऊन मी एकटीच जीपनं पाथरीला गेले. आप्पांनी चष्मा लावला. हातावर बोट ठेवून कितीतरी वेळ बघितलं.

"आता बराबर हाय."

माझा जीव भांड्यात पडला. पण बोट तिथं थांबलं नाही. ते वर सरकलं, कोल्ह्याच्या तोंडावर आलं.

"ह्येबी बराबर हाय. जिंतूरच्या एका बाईला मी मारका बैल गरीब म्हणून दिला. तिच्या मालकाच्या मांडीत शिंग घुसलं, अजून लंगडतो." त्यांनी चष्मा काढला. "उजव्याच हातानं दिला होता, पोरी."