भाऊजींचा होकार

माझ्या धाकट्या दिरांना फारसं बोलता येत नाही, पण त्यांच्याशी बोलायला अर्धं बंदर येतं.

ते केस कापतात. दुकान खाली, आम्ही वर. दुकानाचं दार बंदराकडे आणि आरसा दारासमोर, त्यामुळे खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मागून आरशात जहाजं जातात. एका कानाशी शिरतात, दुसऱ्या कानापाशी बाहेर पडतात. दुपारी पाण्यावरचं ऊन उसळून छतावर येतं आणि सगळं दुकानच नांगर सुटल्यासारखं डोलायला लागतं. मी चहा घेऊन खाली जाते आणि बघत बसते. चहाचं पाणी होतं.

आमची गल्ली म्हणजे बारा मुलखांची माणसं. पाववाल्याची भाषा बटणवालीला कळत नाही, बटणवालीची जाळी विणणाऱ्याला कळत नाही. देण्याघेण्यापुरती एक मोडकीतोडकी बोली सगळ्यांनी मिळून शिजवली आहे, तिच्यात मीठ कुणाचं नि तेल कुणाचं, कोण जाणे. भांडताना मात्र जो तो आपल्या भाषेत शिव्या देतो. त्या कुणालाच लागत नाहीत. शेजार टिकलाय तो त्यामुळेच.

भाऊजींना तर ती मोडकीतोडकीही धड येत नाही. पण गिऱ्हाईक बोलायला लागलं की कात्री चालवता चालवता ते मान हलवतात. "होय, होय. खरंय तुमचं." घरापासून लांब आलेला माणूस त्या मानेकडे बघून मोकळा होतो. डोक्यावर औषधाला केस नसलेलेही येतात.

"टकलावर काय कापता हो?" मी एकदा विचारलं.

"त्याला घरचं काही बोलायचं होतं, वहिनी. मी कात्री नुसती वाजवली."

एकदा एक तरुण खलाशी आला. केस कापून झाले तरी उठेना. बोलत राहिला, डोळे पुसत राहिला. शेवटी काहीतरी विचारून गप्प झाला. भाऊजींनी मान हलवली. त्याने त्यांचे दोन्ही हात धरले आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एक म्हातारी आणि एक गाठोडं घेऊन आला. तोंडवळाच सांगत होता, त्याची आई. तिला बाकावर बसवलं, कपाळाला ओठ लावले आणि जहाजावर चढला.

"भाऊजी! काल काय विचारलं होतं त्याने?"

"काय माहीत."

"मग हो कशाला म्हणालात?"

"रडत होता, वहिनी. रडणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?"

"अहो, लोक कुत्रं सांभाळायला घेताना चारदा विचार करतात. तुम्ही आई घेतलीत!"

गल्ली गोळा झाली. प्रत्येकाने आपापली भाषा लावून पाहिली, जशी बंद कुलपाला घरोघरची किल्ली. बटणवालीने तर ओरडून पाहिलं. म्हातारी सगळ्यांकडे बघून हसली, एक शब्द बोलली नाही. तिचं अंथरूण माझ्या खोलीत पडलं. आम्ही तिला मावशी म्हणायला लागलो.

मावशीचं ओझं कुणालाच झालं नाही. पण भाऊजींनी धसका घेतला. आता मान हलवली तर उद्या कोण काय आणून ठेवील! ते ताठ मानेने केस कापायला लागले, तोंडात "हूं"सुद्धा नाही. गिऱ्हाईकं अर्ध्यावर बोलायची थांबत, आरशात त्यांच्याकडे बघत, मग खाली बघत. हळूहळू येईनाशी झाली. केस काय, कोपऱ्यावरचाही कापतो. रिकाम्या आरशात नुसती जहाजं यायची नि जायची.

"असंच चाललं तर खुर्ची विकून टाकू," भाऊजी म्हणाले.

"मान हलवा की मग पहिल्यासारखी."

"हलत नाही, वहिनी. भीती बसलीय तिच्यात."

दोन दिवसांनी जाळी विणणारा आला. सवयीने बोलायला लागला, सवयीने थांबला. आणि आरशात त्याला मावशी दिसली. मागे बाकावर ओले टॉवेल पिळता पिळता ती मान हलवत होती. सावकाश, वाऱ्यावर वेल हलावी तशी. तो जो सुटला, तो दाढीवरचा साबण वाळेपर्यंत बोलत होता. आठवड्याभरात बाक भरला. भाऊजी कापायचे, मावशी मान हलवायची. दुपारी मीही खाली जाऊन बसायचे. आयुष्यात कुणाला सांगितलं नाही ते तिला सांगितलं, तिने सगळ्याला हो म्हटलं.

मग एका सकाळी खलाशी परत आला. नवा सदरा, उन्हाने रापलेला चेहरा. आईला मिठी मारून सरळ खुर्चीत बसला आणि बोलू लागला. हात कधी जहाजाकडे, कधी आईकडे, कधी छातीवर. या वेळी कळायला भाषा लागत नव्हती. तो तिला घरी घेऊन जायचं म्हणत होता. बोलून झाल्यावर त्याने भाऊजींकडे पाहिलं.

भाऊजींनी आरशातून मागे पाहिलं. सगळ्यांना हो म्हणणारी मावशी या वेळी हलली नाही. टॉवेलांकडे बघत बसली. ठेवून घेताना मान भाऊजींची हलली होती, सोडतानाही त्यांचीच हलायला हवी होती.

कात्री कितीतरी वेळ हवेत राहिली. खलाशाच्या कानाशी एक जहाज शिरलं, दुसऱ्या कानापाशी निघून गेलं. मग भाऊजींची मान हलली.

"होय, होय. खरंय तुमचं."

मावशी उठली. लेकाला खुर्चीतून उठवलं, भाऊजींना तिथे बसवलं. दुसऱ्यांचे केस कापणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्याचं झुडूप झालेलं असतं. तिने कात्री घेतली, कानामागचे केस नीट केले आणि बोलायला लागली. इतक्या दिवसांचं साठलेलं, न थांबता. भाऊजी डोळे मिटून मान हलवत होते, कान कापला जाईल ही भीती मलाच.

मावशीचं जहाज आरशातून गेलं तेव्हा मी विचारलं, "काय म्हणत होती हो मावशी?"

"काय माहीत."

"आणि तुम्ही?"

"मी हो म्हणालो."

म्हणून आतल्या खोलीत मी दोन गाद्या जास्तीच्या घालून ठेवल्या आहेत. कशाकशाला हो म्हणाले असतील, भरवसा नाही.