भोंग्यातला बाप

इंझोरीजवळच्या आमच्या वावरात भेंडी लावली होती आणि माकडांनी नुसता उच्छाद मांडला होता. सगळ्यांनी भोंगे लावले, तसा मीही एक आणला. बॅटरीवर चालतो. आपलाच ओरडा मेमरी कार्डात भरायचा, मग तो दिवसभर वाजत राहतो. भावकीतले म्हणाले, "तुले काय लागते? तुह्या आवाजानं मानसं पळतात!" खोटं कशाला बोलू, मला ते ऐकून बरंच वाटलं होतं.

अंगणात मोबाईल लावून ओरडायला उभा राहिलो, तर खोटं ओरडता येईना. बायको तोंडाला पदर लावून हसत होती. तेवढ्यात सात वर्षांच्या लेकीजवळचा बियाण्याचा डबा हौदापाशी चिखलात सांडला. मग काय, माझं टाळकंच सटकलं. बोलू नये ते बोललो, डबा उचलून भिंतीवर आपटला. शांत झाल्यावर मोबाईल पाहिला, तर सगळं भरलं गेलेलं.

"चाला, काम झालं," मी म्हणालो. कोणी हसलं नाही. अरे, तेव्हाच लाज वाटायला हवी होती!

माकडं पळाली. पण घर वावराला लागूनच. दुपारी मी मुकाट्यानं जेवत असायचो आणि बाहेरून मीच खेकसत असायचो. लेक माझ्या मिटलेल्या तोंडाकडे बघायची, कानांवर हात ठेवायची. हळूहळू तिनं माझ्या ताटाजवळ बसणंच सोडलं.

आठ दिवसांत माकडं सरावली. भर उन्हात जाऊन पाहतो, तर एक हुप्प्या भोंग्याच्या खांबाखालीच भेंडी खात बसलेला. मला पाहून मात्र तो पळाला. भोंगा मी इतक्या जवळून पहिल्यांदाच ऐकला. शिव्या संपल्या, डबा आपटला, आणि मग खरखरीतून एक बारीक आवाज आला, "मी नाई पाडला, बाबा. वाऱ्यानं पडला."

पुन्हा शिव्या. पुन्हा डबा. पुन्हा तो बारीक आवाज. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. खरं सांगतो, मला भीती वाटली, माझीच. पोरगी हे तेव्हा बोलली होती आणि मला ऐकूच आलं नव्हतं.

कार्ड उपटलं आणि तसाच घरी आलो. लेक दारात उभी होती, कानांवर हात ठेवून.

"भोंगा बंद केला, माय."

तिनं हात काढले नाहीत.

"आन तुमी?"