अर्जंट, लाइटनिंग आणि कांबळे गुरुजी

जिथं माणसाला ताटकळत बसवतात ना, तिथं किस्से तणासारखे उगवतात. आमचं टेलिफोन एक्स्चेंज तसलंच. परभणी जिल्ह्यातलं लहानसं गाव, बाहेरगावी बोलायला एकुलती एक लाईन, आणि भिंतीला टेकवलेलं एक बाकडं. कॉल बुक करायचा आणि बाकड्यावर बसायचं. साधा कॉल म्हणजे ऑर्डिनरी. जास्त पैसे मोजले की अर्जंट, तो ऑर्डिनरीच्या पुढं. आणि लयच जास्त मोजले की लाइटनिंग, तो सगळ्यांच्या डोक्यावरून! सत्तरच्या दशकात मी तिथं ऑपरेटर होतो. पगार सरकार द्यायचं, शिव्या पब्लिक.

एकदा कापसाचा भाव हलला. बाकड्यावरच्या झाडून सगळ्या व्यापाऱ्यांनी अर्जंट बुक केला. मग काय, लागायचे तसेच एकामागं एक लागायलेत. एक शेठ भडकले, दुप्पट पैसे घेता आणि वर बसवून ठेवता म्हणून. आमचे सिनियर खानसाब कानावरचा हेडफोन न काढता म्हणाले, "शेठ, सगळेच नवरदेव झाले तर वरातीत चालायचं कुणी?"

बोरीकडचे एक पाटील होते. कायम अर्जंट बुक करायचे, आणि नंबर आला की शेजारच्याला म्हणायचे, घ्या तुमी आधी. असं दोन-चार जणांना पुढं सोडून मग सासऱ्याला 'जेवले का' विचारायचे. मी एकदा म्हटलं, पाटील, मग ऑर्डिनरीच करा की. तर म्हणाले, "ऑर्डिनरीत मागं राह्यलं तर लोक म्हणतेत मागं राह्यला. अर्जंट असून मागं राह्यलं तर मोठेपणा हाय."

बुक केला की चहा, दाढी, जमलं तर भाजी, ही गावची रीत. एका वकीलसाहेबांनी जन्मात पहिल्यांदा लाइटनिंग बुक केला आणि सवयीनं न्हाव्याकडं गेले. लाईन लगेच लागली! अर्ध्या गालावर साबण तसाच घेऊन पळत आले, आणि रिसीव्हर लावला तो नेमका साबणाच्या बाजूला. पुढं कितीतरी दिवस त्या फोनला वास होता.

पण खरा किस्सा कांबळे गुरुजींचा. गुरुजी आमच्याच गावच्या शाळेत. पोरगी सुशीला औरंगाबादला नर्सिंग करून होस्टेलात राहिलेली. तिची तिथल्याच दवाखान्यातल्या नोकरीची ऑर्डर सकाळच्या टपालानं गुरुजींच्या घरी आली. त्याच दिवशी ऑफिस बंद व्हायच्या आत हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला! गुरुजी धावत एक्स्चेंजात आले आणि बुक काय केला? ऑर्डिनरी.

मी समजावलं, खानसाबनी हात जोडले. गुरुजी ऐकायलाच तयार न्हाईत. "पोरांना रोज रांगेत उभं करतो मी. आज आपली पोर म्हणून पुढं घुसू?"

दुपार कलली. अर्जंटवर अर्जंट येत गेले आणि गुरुजी बाकड्यावर तसेच. तोंड सुकून गेलं, पण पाण्याचा घोट घेईनात. खरं सांगतो, मला त्यांची दया येत होती आणि रागही लय येत होता. एका तत्त्वापायी पोरीची नोकरी चालली होती.

शेवटी त्यांचा नंबर आला. मी लाईन लावणार, तेवढ्यात परभणीचा ऑपरेटर ओरडला, थांबा, लाइटनिंग आहे. औरंगाबादहून, कांबळे गुरुजींसाठी!

सुशीलाच होती. मैत्रिणीची ऑर्डर आली म्हणून हिनं ऑफिसात जाऊन चौकशी केली, आणि पोरगी दुपारीच हजर होऊन मोकळी. हे कळलं तसं सगळं बाकडं उठून उभं राहिलं. गुरुजींनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "ते बरं झालं. पण तू रांग मोडून मधी घुसलीस?"

मग कॉलची वेळ संपेपर्यंत तिला झापलं.

फोन ठेवून परत बाकड्यावर जाऊन बसले. मी म्हटलं, गुरुजी, काम झालं की, तुमचा कॉल कॅन्सल करतो.

"नको, राहू द्या," गुरुजी म्हणाले. "तिला शाबासकी द्यायची राहिली."